मेंदूमृत्यूचं निदान घरच्यांना का पटत नाही

जाही मॅकमॅथ या अमेरिकी मुलीच्या मृत्यूचे दोन दाखले आहेत. पहिल्यावर 12 डिसेंबर 2013 ही तारीख आहे, तो कॅलिफोर्नियाचा. दुसऱ्यावर 22 जून 2018, तो न्यू जर्सीचा. मधली साडेचार वर्षं ती एका राज्याच्या लेखी मृत होती आणि दुसऱ्या राज्याच्या लेखी जिवंत. त्या काळात तिची उंची वाढली, ती वयात आली, तिला पाळी सुरू झाली. पहिला दाखला मिळाला तेव्हा ती 13 वर्षांची होती.

झोपेत श्वास अडखळण्याचा त्रास होता म्हणून तिला ओकलंडच्या मुलांच्या रुग्णालयात नेलं होतं. 9 डिसेंबरला टॉन्सिल आणि घशातल्या जादा ऊती काढण्याची शस्त्रक्रिया झाली. ती शुद्धीवर आली, बोलली. मग रक्त येऊ लागलं. घरच्यांचा आरोप असा, की आम्ही तासन्‌तास सांगत होतो आणि कुणी मनावर घेतलं नाही. जाहीची आजी स्वतः नर्स होती, त्यामुळे हे घाबरलेल्या नातेवाइकांचं बोलणं म्हणून सोडून देण्यासारखं नव्हतं. मध्यरात्रीनंतर जाहीचं हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी ते पुन्हा सुरू केलं, पण मेंदूला बसायचा तो फटका बसून गेला होता. 12 तारखेला ती मेंदूमृत असल्याचं सांगण्यात आलं. कुटुंब कोर्टात गेलं. कोर्टाने स्टॅनफर्डचे बाल-मेंदूविकारतज्ज्ञ पॉल फिशर यांच्याकडून स्वतंत्र तपासणी करून घेतली, त्यांचंही मत तेच पडलं आणि न्यायाधीशांनी ते मानलं. तरीही घरच्यांनी व्हेंटिलेटरसकट जाहीला ताब्यात घेऊन न्यू जर्सी गाठलं, कारण मेंदूमृत्यूचा निकष धर्मश्रद्धेच्या आधारे नाकारण्याची मुभा देणारा कायदा त्या राज्याने 1991 मध्येच केला होता.

या प्रकरणावर पुष्कळ लिहिलं गेलं आणि त्यातलं बरंचसं ‘विज्ञान विरुद्ध भाबडी आशा’ अशा थाटाचं होतं. मला ती मांडणी अन्यायाची वाटते. जाहीच्या घरच्यांचा अविश्वास मेंदूच्या तपासणीनंतर जन्मला नाही, तो रक्त वाहत होतं त्या रात्री जन्मला. आपलं ऐकलं गेलं नाही, आणि ते आपण काळे आहोत म्हणून, असं त्यांना वाटत होतं. ज्या माणसांनी तेव्हा ऐकलं नाही तीच आता ‘मुलगी गेली’ म्हणत होती. जगभरातली अशी प्रकरणं वाचत गेलं की हेच पुन्हा पुन्हा दिसतं. वाद निदानावर येऊन फुटतो, पण त्याची सुरुवात फार आधी झालेली असते.

घरच्यांच्या डोळ्यांना काय दिसतं ते आधी पाहू. अंग गरम असतं, छाती वरखाली होत असते, मॉनिटरवर हृदयाची रेघ चालू असते, लघवीची पिशवी भरत असते. हृदयाला धडधडण्यासाठी मेंदूचा हुकूम लागत नाही, त्याची स्वतःची विद्युत लय असते. यंत्राने प्राणवायू पुरवला तर ते चालत राहतं. एवढ्यावर थांबत नाही. मेंदूमृत व्यक्तीचे पाय किंवा बोटं मणक्यातल्या मज्जारज्जूच्या जोरावर हलू शकतात. क्वचित दोन्ही हात वर उचलले जाऊन छातीवर येतात. डॉक्टर त्याला लॅझरस खूण म्हणतात. हे पाहिल्यावर कोणत्या आईने ‘हा गेला’ हे मान्य करावं? असं होऊ शकतं हे तिला आधी सांगितलेलं नसेल, तर नंतर दिलेलं स्पष्टीकरण सारवासारवीसारखंच वाटणार.

डॉक्टर पाहतात ते वेगळं. आधी खात्री करायची की मेंदूला इजा कशाने झाली ते ठाऊक आहे, शरीर गार पडलेलं नाही, झोपेच्या किंवा स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा अंमल उतरला आहे. मग डोळ्यांवर उजेड टाकायचा, बाहुली आकसते का पाहायची. बुबुळाला कापसाची वात लावायची. कानात बर्फगार पाणी सोडून डोळे फिरतात का बघायचं. घशात नळी फिरवून ठसका येतो का ते पाहायचं. शेवटची आणि निर्णायक ती ॲप्निया टेस्ट. शुद्ध प्राणवायू भरपूर देऊन व्हेंटिलेटर सोडवतात आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढू देतात. जिवंत मस्तिष्कस्तंभाला, म्हणजे श्वासाचं केंद्र असलेल्या मेंदूच्या बुंध्याला, हे सहन होत नाही, तो श्वास घ्यायला लावतोच. कार्बन डायऑक्साइडचा दाब 60 मिलिमीटर पाऱ्याच्या वर गेला आणि तरीही छाती हलली नाही, तर श्वासाचं केंद्र संपलं असं मानतात. या सगळ्या तपासण्या नीट झाल्या असतील तर त्यानंतर कुणी शुद्धीवर आल्याची खात्रीलायक नोंद नाही, असं या विषयातले बहुतेक तज्ज्ञ सांगतात.

इथेच एक गल्लत निस्तरायला हवी, कारण महाराष्ट्रात ती फार खोल रुजली आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग 27 नोव्हेंबर 1973 च्या हल्ल्यानंतर 18 मे 2015 पर्यंत जगल्या आणि सहकारी परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. पण अरुणा कधीच मेंदूमृत नव्हत्या. त्यांचा श्वास त्यांचा स्वतःचा होता, मस्तिष्कस्तंभ काम करत होता. सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या निकालात हा फरक मांडला आहे. तरी ‘अरुणा इतकी वर्षं राहिली, मग आमच्या माणसाला दोन दिवसांत मेला कसं म्हणता?’ हा प्रश्न कुणाच्याही मनात येऊ शकतो, आणि तो रास्त आहे. ‘कोमा’ हा एकच शब्द आपण सगळीकडे वापरतो. अशीच दुसरी गोष्ट म्हणजे कोल्हापूरची, 2025 च्या सुरुवातीला गाजलेली बातमी. मृत ठरवलेल्या एका ज्येष्ठ गृहस्थांना घरी नेताना रुग्णवाहिका गतिरोधकावर आदळली आणि त्यांची बोटं हलताना दिसली. पुढे ते बरे होऊन घरी आले. तिथे प्रश्न हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या नेहमीच्या मृत्युघोषणेचा होता, मेंदूमृत्यूच्या तपासण्यांचा नव्हे. पण आयसीयूबाहेर बाकड्यावर बसलेल्या माणसाला ती बातमी आठवली तर त्याला दोष देता येत नाही.

आता निकषाच्या जन्माकडे वळू, कारण संशयाचं एक मूळ तिथेही आहे. पॅरिसमध्ये मोलारे आणि गूलाँ या डॉक्टरांनी 1959 मध्ये ‘कोमाच्याही पलीकडची’ अवस्था म्हणून या रुग्णांचं वर्णन केलं होतं. तेव्हा प्रश्न इतकाच होता, की व्हेंटिलेटर आल्यामुळे आपण नेमकं काय चालू ठेवतो आहोत? डिसेंबर 1967 मध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी केपटाउनला पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. पुढच्याच ऑगस्टमध्ये हेन्री बीचर यांच्या अध्यक्षतेखालच्या हार्वर्डच्या समितीने मेंदूमृत्यूचे निकष प्रसिद्ध केले. नव्या व्याख्येची गरज सांगताना समितीने दोन कारणं उघडपणे लिहिली: आशा नसलेल्या रुग्णांचा कुटुंबावर आणि रुग्णालयांवर पडणारा भार, आणि जुन्या व्याख्येमुळे प्रत्यारोपणासाठी अवयव मिळवण्यात निर्माण होणारे वाद. समितीने हे लपवलं नाही याबद्दल तिचा मान ठेवायला हवा. पण व्याख्या आणि अवयवांची गरज एकाच पानावर आली ती आली. नंतरच्या काळात या दोन गोष्टी वेगळ्या असल्याचं कितीही सांगितलं तरी लोकांच्या मनातली गाठ सुटली नाही.

जपानने या गाठीची मोठी किंमत मोजली. 1968 मध्ये सप्पोरोत जुरो वाडा यांनी देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. हृदय बसवलेला रुग्णही दगावला आणि हृदय देणारा खरोखर मृत होता का यावरून वाडांवर खुनाची तक्रार झाली. खटला उभा राहिला नाही, पण जपानी समाजाचा विश्वास उडाला तो जवळजवळ तीस वर्षं परतला नाही. 1997 चा कायदा आला तेव्हाही अट अशी, की ज्याने स्वतः लेखी संमती दिली आहे आणि ज्याच्या घरच्यांची हरकत नाही त्याच्याच बाबतीत मेंदूमृत्यू लागू. 2009 च्या दुरुस्तीने घरच्यांच्या संमतीवर आणि मुलांच्या बाबतीतही मार्ग मोकळा केला. या काळातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा आवाज कुनिओ यानागिदा या लेखकाचा. त्यांचा मुलगा आत्महत्येच्या प्रयत्नानंतर मेंदूमृत झाला. 1995 मध्ये त्यांनी त्यावर ‘सॅक्रिफाइस’ हे पुस्तक लिहिलं. जवळच्या माणसाचा मृत्यू हा ‘तू’चा मृत्यू असतो, ‘तो’चा नाही, आणि तो घडायला खाटेशेजारी घालवलेला वेळ लागतो, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. मुलाचे मूत्रपिंड त्यांनी दान केले. वेळ मागणारा माणूस दानाच्या विरोधात असतोच असं नाही, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

घरचे नेहमी चुकीचे आणि डॉक्टर नेहमी बरोबर, असंही नाही. ॲलन शूमन या अमेरिकी बाल-मेंदूविकारतज्ज्ञांनी 1998 मध्ये मेंदूमृत ठरल्यावरही आठवड्याहून जास्त काळ हृदय चालू राहिलेल्या सुमारे 175 रुग्णांच्या नोंदी मांडल्या. त्यात चार वर्षांचा असताना मेंदूज्वर झालेला एक मुलगा होता. त्याचं शरीर पुढे वीस वर्षांच्या आसपास टिकलं. ‘मेंदू संपला की शरीर काही दिवसांत कोसळतंच’ हे पाठ्यपुस्तकी विधान त्याने मोडलं. जाहीच्या चित्रफिती पाहून शूमन यांनी तिला किंचित जाणीव असावी असंही मत दिलं. बहुसंख्य तज्ज्ञांनी ते मानलं नाही. अमेरिकेच्या 1981 च्या आदर्श कायद्यात ‘संपूर्ण मेंदूची सर्व कार्यं’ कायमची थांबलेली असावीत असं म्हटलं आहे. प्रत्यक्षात काही मेंदूमृत रुग्णांच्या मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग संप्रेरकं सोडतच असतो, आणि नेहमीच्या तपासणीत तो पाहिलाही जात नाही. कायद्याची भाषा एक आणि खाटेजवळची चाचणी दुसरी, ही फट शूमन आणि इतरांनी दाखवून दिली. कायदा नव्याने लिहिण्याचा प्रयत्न झाला आणि 2023 मध्ये मतभेदांमुळे तो थांबवावा लागला.

ब्रिटनमधली 2022 ची घटना याहून गंभीर. लंडनच्या एका रुग्णालयात काही महिन्यांच्या बाळाला मस्तिष्कस्तंभ-मृत ठरवलं गेलं. प्रकरण कोर्टात असताना बाळ स्वतः श्वास घेऊ लागलं. निदान मागे घ्यावं लागलं. बाळाची स्थिती आशादायक नव्हती, हे खरं. पण ‘मृत’ हा शब्द चुकीचा ठरला. ब्रिटनच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या अकादमीने त्यानंतर नियमावली नव्याने तपासली आणि 1 जानेवारी 2025 पासून सुधारित, अधिक सावध नियमावली लागू झाली. नव्या सावधगिरीच्या मागे त्या बाळाचं प्रकरण आहे. शंका घेण्याला म्हणून जागा असायला हवी.

ब्रिटनमध्येच 2022 साली आर्ची बॅटर्सबी या 12 वर्षांच्या मुलाचं प्रकरणही गाजलं. मज्जातंतू उत्तेजनाच्या प्राथमिक चाचणीला प्रतिसादच न मिळाल्याने मस्तिष्कस्तंभाच्या चाचण्या करणंच शक्य नव्हतं. तरी उच्च न्यायालयाने एमआरआयच्या आधारे ‘बहुधा मृत’ असा निर्णय दिला. अपील न्यायालयाने तो रद्द करून प्रश्न पुन्हा विचारात घ्यायला लावला: मुलाचं हित कशात आहे? उत्तर शेवटी तेच आलं, 6 ऑगस्टला आर्ची गेला. मला मात्र हा बदल महत्त्वाचा वाटतो. मृत्यू शक्यतेच्या तराजूवर ठरवायचा नसतो, असा मला त्याचा अर्थ दिसतो.

अमेरिकेतल्या नेवाडात 2015 मध्ये मेंदूमृत ठरवलेल्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांच्या बाजूने राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विचारलं, की मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेचे निकष कायद्याला अपेक्षित ‘सर्वमान्य’ निकषच आहेत हे कशावरून? 2017 मध्ये विधिमंडळाने कायद्यातच त्या निकषांचं नाव घालून हा प्रश्न बंद केला. कॅनडात ओंटारिओच्या एका न्यायालयाने धर्मश्रद्धेच्या आधारावरची हरकत फेटाळली. इस्रायलने 2008 च्या कायद्यात उलट वाट धरली: मेंदूमृत्यू मान्य, पण यंत्राने तपासणी सक्तीची, आणि घरच्यांचा विरोध असेल तर हृदय थांबेपर्यंत व्हेंटिलेटर ठेवायचा. मला हा तोडगा शहाणपणाचा वाटतो. त्याने खाटा अडतात, खर्च होतो, हे मान्य करूनही.

वादाची दिशा नेहमी एकच असते असं समजू नये. टेक्ससमध्ये 2013 च्या नोव्हेंबरात 14 आठवड्यांची गरोदर बाई मेंदूमृत झाली. नवरा आणि आईवडील ‘तिला सोडा’ म्हणत होते. रुग्णालय गर्भासाठी यंत्र चालू ठेवत होतं. दोन महिन्यांनी न्यायालयाने ते बंद करायला लावलं. म्हणजे इथे यंत्र बंद करा असं घरचे म्हणत होते आणि रुग्णालय तयार नव्हतं.

आता आपल्याकडे. भारतात अशी प्रकरणं न्यायालयात फारशी दिसत नाहीत. कुटुंबांना निदान पटतं म्हणून नव्हे. त्याचं कारण कायद्याच्या रचनेत आहे. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा 1994 चा, फेब्रुवारी 1995 पासून लागू, आणि सुरुवातीला तो स्वीकारणाऱ्या मोजक्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. त्यानुसार चार डॉक्टर लागतात: रुग्णालयाचे प्रमुख, मान्यताप्राप्त यादीतले एक स्वतंत्र तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूशल्यविशारद, आणि उपचार करणारे डॉक्टर. मेंदूविकारतज्ज्ञ नसेल तर भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षता तज्ज्ञ चालेल अशी सोय 2011 च्या दुरुस्तीने केली. किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी. प्रत्यारोपण करणाऱ्यांचा त्यात सहभाग नसावा. कागदावर ही जगातल्या कडक पद्धतींपैकी एक आहे.

पण ही व्याख्या अवयवदानाच्या कायद्यात आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा आणि त्यातल्या मृत्यूच्या व्याख्येत मेंदूचा उल्लेखच नाही. परिणाम काय होतो पाहा. घरच्यांनी अवयवदानाला होकार दिला तर मुलगा त्या दिवशी, त्या वेळेला मृत. नकार दिला तर पुष्कळ ठिकाणी तोच मुलगा ‘गंभीर’ म्हणून व्हेंटिलेटरवर राहतो, हृदय थांबेपर्यंत बिल चढत राहतं, आणि डॉक्टर कायद्याच्या भीतीने नळी काढत नाहीत. एकाच शरीराबद्दल दोन उत्तरं, आणि कोणतं लागू होणार ते घरच्यांच्या सहीवर अवलंबून. अशा व्यवस्थेत ‘अवयव हवेत म्हणून मेला म्हणताय’ असं एखाद्या काकाने ओरडून विचारलं, तर तो अडाणी आहे असं मी म्हणणार नाही. कायद्याने जे करून ठेवलं आहे तेच तो बोलून दाखवतो.

त्यात आपल्याकडे दोन उलट संशय एकाच वेळी नांदतात. ‘गब्बर इज बॅक’ या 2015 च्या हिंदी सिनेमात रुग्णालय मृतदेहावर उपचार चालू असल्याचं नाटक करून बिल उकळतं. तो प्रसंग समाजमाध्यमांवर अजून फिरतो. ‘जोसेफ’ या 2018 च्या मल्याळम सिनेमात अवयवांसाठी माणसं मेंदूमृत ‘केली’ जातात. एका संशयानुसार मेलेल्याला जिवंत म्हणतात, दुसऱ्यानुसार जिवंताला मेलेलं. 2016 मध्ये मुंबईत बनावट नातेवाईक दाखवून मूत्रपिंड विकल्याचं प्रकरण उघडकीला आलं. ते जिवंत दात्यांचं होतं, मेंदूमृत्यूशी त्याचा संबंध नव्हता. पण लोकांच्या मनात हे कप्पे वेगळे नसतात. केरळमध्ये मेंदूमृत्यूच्या प्रमाणपत्रांवरच न्यायालयीन आक्षेप आले आणि तिथलं मरणोत्तर अवयवदान एकदम घसरलं. त्याच केरळने 2020 मध्ये एक चांगलं पाऊलही टाकलं: अवयवदान होवो न होवो, मेंदूमृत्यू ठरवण्याची आणि त्यानंतर यंत्र काढण्याची कार्यपद्धती सरकारने जाहीर केली.

मेंदूमृत होणाऱ्यांत अपघातातले तरुण पुष्कळ. सकाळी मोटारसायकलवरून गेलेला मुलगा संध्याकाळी आयसीयूत, आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी अनोळखी माणूस ‘ब्रेन डेड’ हे शब्द उच्चारतो. त्याच दमात अवयवदानाचं विचारलं गेलं तर सगळं बिघडतं. रुग्णालयाच्या अवयवदान समन्वयकांना हे चांगलं ठाऊक असतं. आधी मृत्यू सांगायचा, तो ऐकून घेतला जाईपर्यंत थांबायचं, मग दुसरी गोष्ट. ही शिस्त पाळली जाते तिथे भांडणाची वेळ कमी येते.

आणखी एक उपाय हातात आहे आणि त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही. घरच्यांपैकी एक-दोघांना तपासणीच्या वेळी खाटेशेजारी उभं राहू द्यावं. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या डॉक्टरांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तपासणी पाहिलेल्या नातेवाइकांना मेंदूमृत्यू म्हणजे काय ते अधिक कळलं आणि त्यांच्या मनावर जास्तीचा आघात झाल्याचं दिसलं नाही. यंत्र सोडवल्यावर बापाने स्वतः मुलाच्या छातीकडे आठ-दहा मिनिटं पाहावं आणि ती हलली नाही हे त्यालाच दिसावं. ज्याला ते पाहवणार नाही त्याच्यावर सक्ती नको. त्याबरोबर बाहेरच्या डॉक्टरचं दुसरं मत मागण्याची सोय रुग्णालयाने स्वतःहून सांगावी, घरच्यांना त्यासाठी भांडायला लावू नये.

धर्माचा प्रश्न आपण समजतो त्यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. 1986 मध्ये अम्मानला भरलेल्या इस्लामी फिक्ह अकादमीने मेंदूमृत्यू मान्य केला, पुढच्या वर्षी मक्केतल्या परिषदेने यंत्र काढायला हरकत नाही पण मृत्यू हृदय थांबल्यावरच असं म्हटलं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2000 मध्ये निकष स्वीकारला. ज्यू धर्मगुरूंमध्ये आजही दोन तट आहेत. हिंदू कुटुंबांकडे असं एकमुखी पीठ नाही, त्यामुळे तिथे निर्णय घरातल्या वडीलधाऱ्यांच्या ‘अजून जीव आहे’ या भावनेवर येऊन ठेपतो, आणि त्या आजोबांशी बोलायला सहसा कुणी जात नाही. डॉक्टर सही करणाऱ्याशी बोलतात.

जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात 2023 मध्ये दुरुस्ती झाली. नोंदी डिजिटल झाल्या, जन्मदाखल्याचे उपयोग वाढले. मृत्यूची व्याख्या मात्र 1969 चीच राहिली. तिच्यात मेंदूमृत्यूची भर घालणं, आणि प्रमाणपत्र देणारी समिती अवयवदानाचं उत्तर काय येतं याची वाट न पाहता काम करेल असं बंधन घालणं, हे संसदेचं काम आहे. तोपर्यंत केरळसारखा शासन आदेश काढायला महाराष्ट्राला आणि गोव्याला काय हरकत आहे, हे दोन्ही राज्यांच्या आरोग्यमंत्र्यांना विचारायला हवं.